उस्ताझा झुवैनाचे एक्केचाळीस नंबरचे बूट

खोटं बोलायला पूर्वतयारी लागते, असं उस्ताझा झुवैना आपल्या वर्गातल्या मुलींना नेहमी सांगे. खरं बोलायला काहीच लागत नाही, तेव्हा आळशी माणसाने तरी खरंच बोलावं. बावीस वर्षं ती वादी सिद्र गावच्या मुलींच्या शाळेत भूगोलाची उस्ताझा, म्हणजे शिक्षिका, होती आणि बावीस वर्षं हे वाक्य सांगत होती. आणि एका रविवारी, सहावीच्या तिसऱ्या तासाला, कसलीही पूर्वतयारी नसताना ती खोटं बोलली.

झालं असं. वर्गाच्या खिडकीतून समोर डोंगर दिसतो. डोंगराच्या माथ्यावर शरफ नावाचं गाव आहे. आता तिथे जीप जाते, पण पूर्वी गाढवांच्या वाटेने डाळिंबं खाली यायची आणि खजूर वर जायचे. झुवैना त्या वाटेवर पाऊण तास न थांबता बोलू शकत असे. कुठे वळण आहे, कुठे पाण्याचं टाकं आहे, वाट कशी बांधली, सगळं. फळ्यावर ती वाट ती डोळे मिटून काढी. त्या दिवशी ती वाट काढून वळली, तर दुसऱ्या बाकावरच्या तस्नीमचा हात वर.

तस्नीम ही काही आगाऊ मुलगी नव्हती. आगाऊ मुलीला गप्प बसवता येतं. तस्नीमला खरोखरच जाणून घ्यायचं असे, आणि शिक्षकाला अशा मुलीइतका धोका दुसऱ्या कोणापासून नसतो.

"उस्ताझा, तुम्ही त्या वाटेने वर गेलायत?"

तीस मुली बघत होत्या. झुवैना म्हणाली, "पुष्कळदा."

मुलींनी "आ" केला. शिक्षिकेकडे मुली अशा बघायला लागल्या की सुखावणार नाही असं माणूस मी तरी पाहिलेलं नाही. पण घंटा झाली, वर्ग रिकामा झाला, आणि झुवैना फळ्यावरच्या वाटेकडे बघत बसली. त्या वाटेवर तिने आयुष्यात पाऊल टाकलेलं नव्हतं. शरफला ती जीपने गेली होती, तीन लग्नांना आणि एका मयताला.

घरी नवरा थानी वीज कंपनीतून येऊन आडवा झाला होता. तिने त्याला सगळं सांगितलं.

"मग त्यात काय?" तो म्हणाला. "उद्या सांगून टाक, गंमत केली म्हणून."

"अहो, वर्गात मी कधी गंमत केलेलीच नाही."

"मग वर जाऊन ये. म्हणजे खोटं राहणार नाही."

थानी हे सहज बोलला. नवरे असं सहज बोलतात आणि कुशीवर वळतात. पण झुवैनाच्या मनात ते बसलं. योगायोग असा की पाच आठवड्यांनी, एका शनिवारी, त्याच वाटेवर डोंगर-धाव व्हायची होती. खालच्या बागांपासून शरफपर्यंत चढ, चार तासांची मुदत. ज्यांना जमेल त्यांनी धावावं, बाकीच्यांनी चालावं. वर शाळेच्या मुली टाळ्या वाजवायला जीपने नेणार, अशी नोटीसही फळ्याशेजारी लागली होती. म्हणजे त्याच मुलींसमोर ती खरी होणार होती. तिने नाव घातलं.

नाव घातलं म्हणजे अर्ज मागवला. अर्जात सरकारी नोकरांसाठी खात्याचं ना हरकत पत्र मागितलं होतं. कार्यालयाच्या फॉर्मवर 'धावण्याचं कारण' असा रकाना होता. झुवैनाने लिहिलं, व्यायाम. आठवड्याने कागद परत आला. शेरा होता की व्यायाम हा क्रीडाशिक्षिकांचा विषय असून आपण भूगोल शिकवता. तिने 'व्यायाम' खोडून 'भूगोल' लिहिलं. दुसऱ्या दिवशी मंजुरी. भूगोलाला हरकत घ्यायची कशी, हे बहुधा त्या कार्यालयात कोणाला ठाऊक नव्हतं.

खरी अडचण धावेच्या अर्जातल्या नवव्या रकान्यात होती. 'बुटांचा प्रकार आणि सोलच्या खाचांची खोली, मिलिमीटरमध्ये.' झुवैनाच्या घरी तिच्या पायांसाठी तीन जोड होते. शाळेच्या काळ्या सपाता, लग्नाच्या सोनेरी सपाता आणि न्हाणीघरातल्या स्लिपर. कंपासपेटीतली पट्टी घेऊन तिने तिन्हींची खोली मोजली. ती शून्य भरली.

मग ती निझवा शहरात गेली. तिथे खेळांच्या सामानाच्या दुकानात शाजू नावाचा विक्रेता होता. मूळचा केरळचा, पण सतरा वर्षं निझवात काढलेला, त्यामुळे आधी खबरबात विचारल्याशिवाय बूट काढणं त्याच्याही जिवावर येई.

"या उस्ताझा. काय खबर? काही नवीन?"

"सगळं ठीक, नवीन काही नाही. तुमच्याकडे काय खबर?"

"देवाची कृपा, काही नवीन नाही. घरचे सगळे बरे?"

"बरे आहेत. काही नवीन नाही."

काही नवीन नाही याची दोन्ही बाजूंनी खात्री पटल्यावर झुवैना म्हणाली, "डोंगरावर धावायचे बूट पाहिजेत. अडतीस नंबर."

शाजूने तिच्या पायांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "उस्ताझा, सकाळचे दहा वाजलेत. पाय संध्याकाळी सुजून मोठे होतात. संध्याकाळी या, जाड मोजे आणा. अंगठ्यापुढे बोटभर जागा लागते. उतरताना पाय पुढे सरकतो, नखं काळी पडतात."

रोज तीस मुलींना 'ऐकून घ्या' असं सांगणारी ही बाई म्हणाली, "मला माझा नंबर माहीत आहे."

अडतीस हा तिच्या लग्नातल्या सपातांचा नंबर होता. त्याहून मोठा नंबर म्हणजे कोणीतरी तोंडावर 'जाड झालीस' म्हणावं, तसं. तिने नारिंगी रंगाचा, काळ्या नाड्यांचा जोड घेतला. शाजूने पावतीवर बोट ठेवून नियम समजावला. बूट सात दिवसांत बदलून मिळतील, मात्र सोलला जराही डाग नको. घरातल्या घरात घालून बघा.

आता घरातल्या घरात म्हणजे गालिच्यावर. आमच्याकडे गालिच्यावर बूट घालून उभं राहणं हे जेवणाच्या ताटात उभं राहण्यासारखंच. झुवैनाने बराच विचार केला. मग तिने स्वयंपाकघरातून जेवताना अंथरायच्या प्लास्टिकची गुंडाळी आणली, ती दिवाणखान्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उलगडली आणि त्यावर बूट घालून धावायला लागली. दहा फेऱ्यांनंतर पाणी प्यायला आत गेली. तेवढ्यात थानी कामावरून आला. दिवाणखान्यात एवढं लांबलचक प्लास्टिक अंथरलेलं पाहून तो हात धुऊन आला आणि मांडी घालून बसला.

"किती जण येणार आहेत गं जेवायला?"

"कोणी नाही. उठा. माझी धावायची वाट आहे ती."

थानी उठला, पण उपाशी माणसाची जी नजर असते, ती त्या रात्री जेवण होईपर्यंत त्या बुटांवर होती.

बूट आवळत होते. करंगळी रडत होती. पण ते कबूल करायचं म्हणजे शाजू बरोबर होता हेही कबूल करायचं. म्हणून तिने दुसऱ्या दिवशी सकाळच्या कहव्याला, म्हणजे कॉफीला, आलेल्या शेजारणींचा सल्ला घेतला. बायका गोल बसल्या, मध्ये खजूर आणि थर्मास, आणि थर्मासशेजारी प्लास्टिकवर ते नारिंगी बूट, पाहुण्यांसारखे.

"रंग भडक आहे," एक म्हणाली.

"हरवली तर लांबून दिसेल," दुसरी म्हणाली.

उम्म सुवैद, म्हणजे सुवैदची आई, सगळ्यांत वडील. ती शरफची लेक, तिथून लग्न होऊन इथे आलेली. ती म्हणाली, "मी नवरी होऊन त्या वाटेने उतरले, तेव्हा माझ्या पायात नणंदेच्या चपला होत्या. एक नंबर लहान."

"मग हो?"

"मग काय, उतरले. तेव्हापासून नणंदेशी माझं पटलं नाही."

"घट्ट की सैल, ते दुसऱ्याने घालून बघितल्याशिवाय कळत नाही," रय्या म्हणाली. रय्या शेजारच्याच घरातली, आणि तिच्या भावाचं लग्न दोन दिवसांवर होतं. "माझा पाय तुझ्याएवढाच आहे, झुवैना. बघू."

आणि तिने पाय घातला. घातला, उठली, प्लास्टिकवरून पाच फेऱ्या मारल्या, बसून दोन कप कहवा प्यायली, आणि मग म्हणाली, "मला तर बरे वाटतात बाई."

तिच्या पायांवर आदल्या संध्याकाळची मेंदी होती. ती म्हणे वाळली होती.

रय्याने पाय काढला, तेव्हा बुटाच्या आतल्या पिवळ्या अस्तरावर डाळिंबाच्या फुलांची अख्खी वेल उठली होती. पाकळ्या, पानं, टाचेजवळचा चंद्रसुद्धा. बायका वाकून बघत होत्या. कोणी हसेना, कारण ती खरोखर सुंदर उठली होती.

"अगं बाई," रय्या म्हणाली. "माझ्या पायापेक्षा तुझ्या बुटावर छान रंगलीय."

झुवैनाने तो जोड पिशवीत घातला आणि मान खाली घालून निझवा गाठलं. या वेळी संध्याकाळी. शाजूने बूट उलटे करून पाहिले, मग सुलटे करून आत पाहिलं. मग त्याने मालकाला फोन लावला.

"साहेब, नियमात सोल स्वच्छ पाहिजे असं आहे. सोल स्वच्छ आहे. … नाही, आत. … आत मेंदी आहे, साहेब. … हो, पायाची. … नाही साहेब, मेंदीबद्दल नियमात काही नाही."

शेवटी बूट बदलून मिळाले. नियम असा शब्दाला धरून चालवणारा माणूस झुवैनाने शिक्षणखात्याबाहेर पहिल्यांदाच पाहिला. पुढे कळलं की तो जोड शाजूने काचेच्या कपाटात मांडला, आणि एका पर्यटक बाईने तो दोन दिवसांत जास्त किमतीला नेला.

"आता पाय दाखवा," शाजू म्हणाला.

त्याने लाकडी मापावर तिचा पाय ठेवला. टाच टेकवली, चवड्याची रुंदी मोजली, आणि मग पुन्हा मोजली. मग आत जाऊन एक खोकं आणलं.

"एक्केचाळीस. रुंद चवड्याचा. आणि उस्ताझा, हा पुरुषांचा आहे. बायकांचा एवढा रुंद कंपनी काढतच नाही."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. दोघांनीही त्याच क्षणी क्रिकेटच्या बॅटींमध्ये विलक्षण रस घेतला. झुवैनाचे कान तापले. एक्केचाळीस! पुरुषांचा! थानीचा पाय चाळीस होता.

शाजूला ते कळलं असावं. तो खाली बसून नाड्या सैल करता करता म्हणाला, "चपलेत वाढलेला पाय आहे हा. बोटं कधी कोंडली नाहीत, म्हणून पसरली. गावी माझ्या आईचा असाच आहे. शहरातले लोक येतात ना, त्यांची बोटं एकमेकींवर चढलेली असतात. अशा पायाला मी पंधरा दिवसांतून एकदा भेटतो. मला बरं वाटतं."

तिने बूट घातला. काय वर्णन करावं! पाच बहिणी आयुष्यभर एका खोलीत राहाव्यात आणि एके दिवशी प्रत्येकीला वेगळी खोली मिळावी, तसं तिच्या बोटांना वाटलं. टाच घट्ट, चवडा मोकळा. दुकानात एक लाकडी उतार केलेला होता, त्यावरून तिला त्याने उतरायला लावलं. अंगठा कुठेच आपटला नाही. ती पुन्हा चढली, पुन्हा उतरली. सेहेचाळीस वर्षांची बाई सातव्यांदा त्या उतारावरून उतरत होती आणि तोंडावर आश्चर्य मावत नव्हतं. बॅटी बघणारे दोघे आता उघड बघत होते. बघू देत.

खाचांची खोली पाच मिलिमीटर. नववा रकाना भरला.

आता सराव. रस्त्यावर नको म्हणून तिने गावातल्या पाटाच्या कडेची वाट धरली. दोन किलोमीटर सरळ, सपाट. तिने फक्त एवढंच लक्षात घेतलं नव्हतं की त्या वाटेवर अकरा घरं आहेत. आणि दारात उभ्या असलेल्या बाईपुढून सलाम न करता पळत जाणं म्हणजे त्या घराशी भांडण आहे असं जाहीर करणं. सलाम केला की खबरबात. खबरबात केली की, "आत ये, कहवा तयार आहे." आत जायचं म्हणजे बूट काढायचे. त्यांना दोन्ही पायांत मिळून बारा भोकं आणि दुहेरी गाठ. काढले, बसली, खजूर घेतला, तीन कप प्यायली, पुरे म्हणून कप हलवला, बूट घातले, गाठ मारली, वीस पावलं धावली. पुढचं दार.

ती चार तासांनी परत आली तेव्हा छाती धडधडत होती, हात थरथरत होते.

"किती धावलीस?" थानीने विचारलं.

"नऊ घरं," ती म्हणाली.

असा सराव सलग तीन आठवडे झाला. तिचा दम काही वाढला नाही. पण नाडी बांधण्यात ती अशी तयार झाली की डोळे मिटून, गप्पा मारत, एका हाताने.

शनिवार उजाडला. खालच्या बागांपाशी साठेक जण जमले होते. घड्याळात सहा वाजले, कोणीतरी हात खाली केला, आणि बघता बघता सगळे डोंगरात नाहीसे झाले. झुवैना शेवटची. शेवटच्या बागेच्या कुंपणाशी रय्या थर्मास घेऊन उभी.

"पळतेयस ना? पळ, पळ. मी काही तुला अडवत नाही. एकच कप घे, उभ्याउभ्या."

खबरबातीसकट आठ मिनिटं गेली.

मग बागा संपल्या, माणसं संपली आणि वाट सुरू झाली.

पहिल्या वळणावरच ती थांबली. दमली होती हे खरं, पण त्यासाठी नाही. वाटेचे दगड कोणीतरी एकेक उचलून, कडेने लावून, आत माती भरून बसवले होते. एका पायरीचा मधला भाग वाटीसारखा खोल झाला होता. तिने त्यात बूट ठेवला. बरोबर मावला. किती पावलं पडली असतील या एका पायरीवर, की दगड झिजावा? फळ्यावर या वळणाला ती खडूची एक रेघ ओढत असे. अर्ध्या सेकंदात.

पुढे कडा उजवीकडे उभा राहिला आणि डावीकडे दरी उघडली. खाली तिची शाळा काडेपेटीएवढी. टाक्यात खरंच पाणी होतं, आणि त्यावर एक लाल चतुर बसला होता, जो कुठल्याच पुस्तकात नव्हता. बूट आपलं काम मुकाट्याने करत होते. कुठे आवळत नव्हते, घासत नव्हते. पायांची आठवणच होत नव्हती, आणि त्यामुळे डोळे मोकळे होते. आरामदायी बूट म्हणजे काय, हे तिला तेव्हा समजलं.

तीन तास दहा मिनिटं झाली तेव्हा वर शरफचं पहिलं घर दिसलं. पन्नास मिनिटं हातात. आरामात पोचली असती. मन हिशेब करत होतं. आज एकदा झालं की 'पुष्कळदा'ची निदान सुरुवात होईल. मग पुढच्या वर्षी एकदा. दहा वर्षांत ते जवळजवळ खरं होईल. कोणाला काही सांगायची गरज नाही.

आणि नाडी पुन्हा आवळायला ती एका सपाट खडकावर बसली. हाताखाली काहीतरी खरखरीत लागलं. तिने धूळ पुसली.

शिंपला.

खडकात रुतलेला, खडकाचाच झालेला, अंगठ्याच्या नखाएवढा, पण पन्हळी स्पष्ट. शेजारी दुसरा. तिने बाटलीतलं पाणी ओतलं, आणि ओल्या खडकावर एकाएकी शेकडो उमटले. लहान, मोठे, अर्धे, गोगलगायीसारखे वळलेले. बसलेल्या जागेपासून वाटेपर्यंत आणि वाटेपलीकडे. दोन हजार मीटर उंचीवर ती समुद्राच्या तळाशी बसली होती. हे ती दरवर्षी शिकवत असे, धडा पाचवा, परीक्षेत चार गुणांना. 'हा प्रदेश पूर्वी समुद्राखाली होता.' किती सोपं वाक्य! तिला हे वाक्य पाठ होतं, तीस मुलींना पाठ होतं, आणि त्यांतल्या एकीलाही ते कळलेलं नव्हतं, शिकवणारीलासुद्धा.

ती गुडघ्यांवर बसून, बाटली संपेपर्यंत, एका शिंपल्यावरून दुसऱ्याकडे सरकत राहिली.

वर पोचली तेव्हा चार तास सव्वीस मिनिटं झाली होती. घड्याळाचं टेबल मिटलेलं. आयोजकांपैकी एक तरुण खुर्च्या उचलत होता.

"मुदत संपली, उस्ताझा. नोंद होणार नाही. पण शाब्बास!"

सहावीच्या मुली मात्र थांबल्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या, पाणी दिलं, कोणी बुटांवरची धूळ झाडली. तस्नीम तिच्या समोर येऊन उभी राहिली आणि, त्याच जुन्या निष्पाप आवाजात, म्हणाली, "उस्ताझा, मागे आलात तेव्हाही एवढाच वेळ लागला होता?"

उत्तर तयार होतं. 'तेव्हा तरुण होते गं.' एवढं म्हटलं असतं तरी मुली हसल्या असत्या. झुवैनाने तोंड उघडलं, आणि तिला जाणवलं की हातांना अजून त्या खडकाची धूळ लागलेली आहे.

"मी याआधी कधीच आले नव्हते," ती म्हणाली. "त्या दिवशी वर्गात मी खोटं बोलले. आज पहिल्यांदा आले, आणि तेही मुदतीनंतर."

झुवैना बावीस वर्षांत पहिल्यांदा उत्तरपत्रिका देऊन निकालाची वाट बघत उभी होती.

तस्नीमने थोडा विचार केला. "म्हणजे तुम्हाला आताच कळलं? वाट कशी आहे ते?"

"हो."

"मग कशी आहे?"

पाऊण तास न थांबता बोलणाऱ्या झुवैनाने आपली रिकामी बाटली उचलली. ती वळली. "चला," ती म्हणाली. "शंभरएक पावलं खाली उतरायचंय. सावकाश, एकामागे एक. पाण्याच्या बाटल्या घ्या, भरपूर."

जीपचा चालक हॉर्न वाजवत राहिला. तीस मुली आणि सर्वांत पुढे ते मोठे बूट त्या वाटेने उतरले. खडकापाशी ती बाजूला झाली आणि तस्नीमला म्हणाली, "ओत."

तस्नीमने पाणी ओतलं. मुली वाकल्या. मग एकेक करून सगळ्या गुडघ्यांवर बसल्या.

बऱ्याच वेळाने तस्नीमने एका शिंपल्यावर बोट ठेवलं आणि मान वर केली.

"उस्ताझा, हा एवढ्या वर कसा आला?"

धडा पाचवा, चार गुण. झुवैना तिच्याशेजारी खाली बसली.

"मीही मघापासून हेच विचारतेय गं," ती म्हणाली.